दोन-चारचं लेबल

ढाणेबाईंच्या उजव्या हातावर तिसरी बांगडी पिचली, तेव्हा शैला रासनेंना दरदरून घाम फुटला. कराडच्या गुरुवार पेठेत पस्तीस वर्षं बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या, पण एकाच हातावर लागोपाठ तीन फोडायची नामुष्की कधी आली नव्हती. आणि आली ती नेमकी कुणापुढे, तर जिच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खी शाळा चिडीचूप होते त्या मुख्याध्यापक बाईंपुढे!

"काकू, माल हलका आलाय वाटतं यंदा," ढाणेबाई हात चोळत म्हणाल्या.

"काही विचारू नका बाई, काचेत दमच राहिला नाही हल्ली," शैलाकाकूंनी ठोकून दिलं.

माल चांगला ठणठणीत होता. काकू फळीमागे वाकल्या, दोन-आठच्या खोक्यातून डझनभर हिरव्या बांगड्या काढल्या, दोन-चारचं लेबल लावलेल्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि वर येऊन हसत म्हणाल्या, "ह्या बघा, ह्या वेगळ्या घडणीच्या. माप तेच हं." बांगड्या सरसर चढल्या. ढाणेबाई डबा पर्समध्ये टाकून खुशीत निघून गेल्या.

कुणी याला लबाडी म्हणेल. म्हणो बापडे. बांगडीचं माप तिच्या आतल्या रुंदीवर ठरतं. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश. मग दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा. वय वाढतं, अंग भरतं, लग्नातला दोन-चारचा हात दोन-सहावर जातो. पण तो आकडा बाईच्या तोंडावर सांगायचा नाही, ही रासन्यांच्या दुकानाची रीत सासूबाईंनी काकूंना पहिल्याच दिवशी शिकवली होती. गिऱ्हाईक म्हणेल ते माप, आणि आपण देऊ ती बांगडी. त्यासाठी खालच्या मापांची लेबलं गठ्ठ्यानं छापून ठेवलेली असत. आजवर त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

सन २०४१ मध्ये फोनपुढे हात धरला की माप सांगायची सोय झाली होती, नाही असं नाही. पण काचेची बांगडी फोटोवर भरता येत नाही. अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं हलकेच एकमेकांजवळ दाबायची आणि बांगडी सरकवायची. वजनानं वाढलेला हात मऊ लागतो, दाबला की जागा देतो. सुजेनं पाणी धरलेल्या हातावर बोटाचा खड्डा उमटतो. ढाणेबाईंचा हात यातला कुठलाच नव्हता. तिथलं हाडच रुंद झालं होतं, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं हाड रुंद व्हायचं काही कारण नव्हतं.

असे हात गेल्या आठ-दहा महिन्यांत चाळीस तरी लागले होते. दोन-आठचा माल महिन्याला दोनदा मागवावा लागत होता. कोल्हापूरचा घाऊक व्यापारी फोनवर खो-खो हसला होता. "काय वहिनी, कराडच्या बायका तालमीत जायला लागल्या की काय?"

काकूही हसल्या होत्या. पण त्या चाळिसांतल्या प्रत्येकीच्या उजव्या खांद्यामागे एक पट्टी चिकटवलेली असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती पट्टी कुठून येते हेही ठाऊक होतं. ती त्यांच्याच लेकीच्या सेंटरमधून येत होती.

पट्टीचं नाव 'पहाट'. नाव झकास होतं, त्यामागचं विज्ञानही काही कमी नव्हतं. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. आपण गाढ झोपलो की ती वाढीचं संप्रेरक थोडं थोडं रक्तात सोडते. लहानपणी त्यानं उंची वाढते, मोठेपणी त्याच्यावर शरीराची डागडुजी चालते, आणि वय झालं की त्याचा झरा आटत जातो. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी. या जातीची पेप्टाइडं त्या ग्रंथीच्या दारावरची बेल वाजवतात आणि संप्रेरक बाहेर काढायला लावतात. जुनी पेप्टाइडं रक्तात काही मिनिटांत मोडून जायची, म्हणून रोज सुई टोचावी लागे. मग कुणीतरी संगणकाकडून आठवडाभर टिकणारी साखळी बेतून घेतली आणि ती केसाहून बारीक, आपोआप विरघळणाऱ्या सुयांच्या पट्टीत बसवली. रविवारी खांद्यामागे चिकटवली की पुढच्या रविवारपर्यंत बघायला नको.

फक्त बेलवरचं बोट आठवडाभर निघतच नव्हतं. त्यानं पुढे काय होतं, हे कुणीच तपासलेलं नव्हतं. बनवणाऱ्यांनी नव्वद माणसांवर बारा आठवडे पाहिलं आणि तेवढ्यावर भागवलं. औषध म्हणून पहाटला कुठेही मान्यता नव्हती. खोक्याच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असे, 'केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.'

"तसं लिहावंच लागतं गं आई, कायद्यासाठी," केतकी म्हणायची.

केतकी म्हणजे काकूंची एकुलती एक लेक, वय चौतीस. पाच वर्षांपूर्वी पुण्याचं लग्न मोडून परत आली आणि वर्षभर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. ताट नेऊन ठेवलं तर दोन घास खायची, नाही ठेवलं तर तेही नाही. विधवा आईनं ते वर्ष कसं काढलं तिचं तिला माहीत. मग कुठल्याशा मैत्रिणीनं तिला पहाट दाखवली. केतकीनं आधी स्वतः लावली, झोपली, उठली, आरशात बघितलं आणि दोन वर्षांपूर्वी सेंटर काढलं. आता बसस्थानकासमोरच्या फलकावर तिचाच हसरा चेहरा होता. लेक पुन्हा माणसांत आली होती, दारातून गाणं गुणगुणत यायची. कुठली आई त्यात खोट काढायला जाईल? शैलाकाकूंनी काढली नाही.

त्या दुपारी दोघी जेवायला बसल्या, तेव्हा मात्र काकूंचं लक्ष ताटापेक्षा लेकीकडेच जास्त होतं. केतकी भराभर जेवत होती, बोलत होती. तिचा आवाज हल्ली घोगरा झाला होता. पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली होती, पूर्वी नव्हती. दाराशी तिच्या नव्या चपला होत्या, महिन्याभरातल्या तिसऱ्या.

"आई, रविवारी तुझ्या खांद्याला एक लावूया. गुडघे कुरकुरायचे थांबतील बघ."

"मला नको बाई. केतू, याचा काही अपाय तर नसेल ना गं?"

"झालं तुझं सुरू! पाचशे बायका लावतात. एकीची तरी तक्रार आहे का? एक पुरावा दाखव, उद्या शटर ओढते."

"आणि रक्त तपासायच्या आधी तीन आठवडे काढून ठेवायला का सांगतेस सगळ्यांना?"

"उगाच डॉक्टर लोकांच्या डोळ्यावर यायला नको म्हणून."

काकूंनी ताटावरून हात पुढे केला. लेकीचा पंजा नुसता एकदा दाबून बघावा, एवढंच मनात होतं. केतकीनं हात झटकन मागे घेतला. "खरकटा आहे," ती म्हणाली आणि उठून गेली. डाव्या हातानं जेवणारी नव्हती ती, आणि काकूंनी डावाच हात धरायला बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात डॉ. शबनम मुतवल्ली आल्या. त्या संप्रेरकांच्या डॉक्टर, शनिवार पेठेत दवाखाना. ईदच्या आधी भाच्यांना घेऊन दरवर्षी यायच्या, पण आज एकट्याच होत्या आणि बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून फळीवर ठेवला. हिरव्या बांगड्या. दोन-चार.

"काकू, हा तुमच्याच दुकानातला ना?"

"आमचाच की. का हो?"

"पेशंटचं नाव सांगणार नाही. डोकं सारखं दुखतं, साखर वाढलीय, खांद्याला पट्टी आहे. रक्तात संप्रेरक मात्र बेताचंच दिसतं, कारण तपासायच्या आधी पट्टी काढून ठेवतात. मी विचारलं, हात-पाय वाढल्यासारखे वाटतात का? तर त्यांनी हा डबाच माझ्यापुढे आपटला. 'लग्नातलं माप आहे माझं, अजून तेच आहे!' म्हणून विचारायला आले. तुमच्या मापाची खात्री किती?"

"मोठं माणूस पट्टीनं वाढतं होय डॉक्टर?" काकूंनी उलटा प्रश्न टाकला.

"उंची नाही वाढत. लांब हाडांची टोकं विशीच्या आत जुळतात, मग ती लांब होत नाहीत. पण हे संप्रेरक जास्त झालं तर हाडं रुंद होतात. हात, पाय, जबडा. जीभ वाढते, काळीज मोठं होतं, साखर चढते. कुठे एखादी गाठ दबा धरून बसली असेल तर तिलाही खतपाणी मिळण्याची भीती. पट्टीनं सगळ्यांना असं होतंच असं मी म्हणत नाही. कितीजणींना होतं, किती दिवसांनी होतं, कुणालाच माहीत नाही. औषध खात्याला मी तीनदा लिहिलं. ते म्हणतात, आधीचं माप आणि आत्ताचं माप दाखवा. मी आधीचं कुठून आणू? बायका अंगठ्यासुद्धा घालत नाहीत आता."

"आणि थांबवलं तर... कमी होतं?"

"पुढचं थांबतं. रुंद झालेलं हाड परत बारीक होत नाही. म्हणून तर घाई आहे. सांगा ना काकू, हे माप बरोबर आहे?"

काकूंच्या डोळ्यांसमोर मागची खोली आली, ती भिंत आली, न शिवलेलं ताट आलं. "बरोबर म्हणजे! आमच्याकडे मापात फरक नसतो," त्या म्हणाल्या.

"मग ठीक. त्यांच्या डोक्याचा स्कॅन करणार होते, तो तूर्त थांबवते. वयाचंच दुखणं असेल," असं म्हणून डॉक्टर गेल्या.

शैलाकाकू फळीला धरून उभ्या राहिल्या. आपण आत्ता काय केलं हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि डॉक्टरांच्या मागे धावायला पाय मात्र उचलत नव्हता. पस्तीस वर्षं ज्या मायेनं लेबलं चिकटवली, तीच माया आता ढाणेबाईंच्या डोक्यावर बसली होती. दिवसभर त्यांनी गिऱ्हाइकांना चुकीचे रंग दाखवले, सुटे दोनदा दिले, दोघींवर विनाकारण खेकसल्या.

त्यानंतरच्या दिवशी ढाण्यांच्या घरी चुडा होता. ढाणेबाईंच्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न लागायचं होतं, आणि कासार घरी बोलावून नवरीला हिरवा चुडा भरायचा, मग जमलेल्या सगळ्या बायकांनी हात पुढे करायचे, ही पद्धत काही पहाटनं मोडली नव्हती. हॉलमध्ये तीस-चाळीस बायका, हशा, गजरे, पोहे. निम्म्या तरी केतकीच्या सेंटरमधल्या. केतकीही आली होती, सोफ्यावर ऐटीत बसली होती, दोन्ही हात पदराखाली.

ऋतुजाला चुडा भरून झाला. तिचा हात कोवळा, बांगड्या पाण्यासारख्या गेल्या. तिनं वाकून काकूंना नमस्कार केला आणि काकूंना एकदम भरून आलं. मग पाटावर ढाणेबाई बसल्या. हात पुढे करून मोठ्यानं म्हणाल्या, "भरा काकू. दोन-चार!"

काकूंनी तो हात हातात घेतला. अंगठा दुमडला, हाडं दाबली. जागा दिली नाही. ढाणेबाईंनी दुसऱ्या हातानं कपाळ चेपलं, अगदी सहज, आठवड्यापासून सवय झाल्यासारखं.

"बाई, तुमचा हात दोन-आठ आहे," शैलाकाकू म्हणाल्या.

हॉलमधल्या बायकांनी माना वळवल्या.

"काय म्हणालात?"

"दोन-आठ. लग्नात दोन-चार होता, दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन-चारच होता, मी शपथेवर सांगते. परवा दिलेल्या डब्यावर खोटं लेबल मी चिकटवलं. तुमच्या डॉक्टरांनाही काल मी खोटंच सांगितलं. तुमचं काही वयाचं दुखणं नाही. आजच्या आज दवाखान्यात जा आणि तो स्कॅन करून घ्या."

"आई!" केतकी ताडकन उठली. "काय बोलतेयस तू? लग्नघर आहे हे!"

"लग्नघरच आहे, म्हणून तर इतक्याजणी एका जागी सापडल्या," काकू म्हणाल्या. "प्रमिला, तुझा दोन-सहाचा दोन-आठ झालाय. अश्विनी, तुझाही. सगळ्यांना मीच लबाडी करून मोठ्या बांगड्या घातल्या. पट्टी काढा गं बायांनो. त्याचं काय होतं ते कुणालाच माहीत नाही, माझ्या लेकीलाही नाही."

अश्विनी रडायलाच लागली. कुणी म्हणालं, म्हातारीला वेड लागलंय. कुणी म्हणालं, शोभतं का हे, नवरीसमोर! ढाणेबाई मात्र आपल्या हाताकडे बघत बसल्या होत्या, उलटा करून, सुलटा करून. "मला वाटायचं माझं मेलीचं मनच खुळं झालंय," त्या हळूच म्हणाल्या. "चष्म्याची दांडीसुद्धा बसेना झाली होती."

केतकी दार आपटून निघून गेली. ते दार काकूंच्या छातीवरच आपटलं. लेक पुन्हा त्या खोलीत जाऊन बसणार, आणि या वेळी तिला तिथे नवऱ्यानं नाही, आपणच ढकललं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तरीही उरलेले हात त्यांनी एकेक करून बघितले आणि आकडे मोठ्यानं सांगितले. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्या आधीच उठून गेल्या होत्या.

दुपारी चार वाजता केतकी दुकानात आली. डोळे सुजलेले. आत आली ती उभीच राहिली.

"फोन ठेवायला उसंत नाही. सत्तावीसजणींनी सोडलं. मन भरलं तुझं?"

काकू फळीवरची खोकी आवरत राहिल्या.

"तुला दहा महिन्यांपासून माहीत होतं? हातांचं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस? अख्ख्या गावाच्या बायकांचे हात दाबत बसलीस, आणि मी? दोन वर्षांत एकदा तरी माझा हात धरलास?"

"तू हसायला लागली होतीस गं," काकू म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "मी भ्याले. परत तशी बसलीस तर काय करू, म्हणून भ्याले."

केतकीनं गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं, बसली आणि दोन्ही हात आईपुढे ठेवले.

"मी पण भ्याले होते," ती म्हणाली. "चपला का बदलते हे मला कळत नव्हतं का? पण फलकावर माझं तोंड आहे. मीच काढली पट्टी, तर बाकीच्या काय म्हणतील? बघ. किती आहे?"

काकूंनी हात हातात घेतला. हाच हात धरून त्यांनी तिला चालायला शिकवलं होतं, मुळाक्षरं गिरवून घेतली होती. डोळे मिटून कुणी त्यांच्या हातात दिला असता, तर हा माझ्या लेकीचा, असं त्यांना सांगता आलं नसतं. जड, रुंद, अनोळखी. दाबला, जागा दिली नाही. पस्तीस वर्षांच्या सवयीनं जिभेवर लहान आकडा येऊन उभा राहिला.

"दोन-आठ," त्या म्हणाल्या.

"आणि आधी?"

"दोन-दोन. तुझ्या लग्नात मीच भरल्या होत्या."

"कमी होईल?"

"नाही राणी. पुढचं थांबेल म्हणतात. तेही बघायला हवं, डोक्याचा स्कॅन, साखर, सगळं. मी येते तुझ्याबरोबर."

केतकीनं मान हलवली. मग स्टुलावरच वळली, आईकडे पाठ केली आणि ब्लाउजचा गळा खांद्यावरून खाली ओढला. पट्टी होती. नुकतीच लावलेली, कडा अजून ताज्या.

"माझा हात पोचत नाही नीट, जाड झालाय," ती म्हणाली. "काढ तू."

काकूंनी नखानं कड उचलली आणि पट्टी सोलून काढली. खाली लाल चौकोन होता. त्यावर त्यांनी तळवा ठेवला, आणि केतकीनं तो तसाच राहू दिला. एका हातानं तिनं फोन उचलला, सेंटरची यादी उघडली आणि पहिलंच नाव दाबलं. पलीकडून आवाज आला तशी ती सावरून बसली.

"प्रमिलाताई, केतकी बोलतेय. नाही, आई बरोबर बोलली. हो, माझाही वाढलाय. तुमची पट्टी आत्ताच्या आत्ता काढा, मी थांबते फोनवर."